गाणी सुटी हवीत की सलग? डान्स म्युझिकच्या अल्बमवरून चाहते का भांडतात

इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकमधल्या एखाद्या नावाजलेल्या कलाकाराने नवा अल्बम जाहीर केला की एक गंमत हमखास बघायला मिळते. संगीत अजून कोणाच्याच कानावर पडलेलं नसतं. हातात असतं फक्त मुखपृष्ठ, गाण्यांची यादी आणि प्रत्येक गाण्यापुढे लिहिलेली मिनिटं-सेकंदं. तेवढ्या भांडवलावर चाहत्यांचे दोन तट पडतात.

"सगळी गाणी तीन-तीन मिनिटांची? म्हणजे झालं कल्याण."
"थांब रे, एक्स्टेंडेड मिक्स नंतर येतील."
"पण सलग मिक्स केलाय की सुटे ट्रॅक आहेत, ते सांगा आधी."
"आणि रेकॉर्डवर किती बाजू?"

या संगीताशी फारसा संबंध नसलेल्या माणसाला हे सगळं चमत्कारिक वाटणार. गाणं चांगलं असलं की झालं, ते कशात भरलंय याने काय बिघडतं? पण इथे बिघडतं. इथे गाण्याची लांबी आणि त्याची सुरुवात-अखेर बऱ्याचदा कलाकाराच्या लहरीवर नाही, तर ते गाणं पुढे कोण वापरणार यावर ठरते. डीजेला एका मापाचं गाणं लागतं, कानाला हेडफोन लावून बसलेल्या माणसाला दुसऱ्या, आणि आता स्ट्रीमिंग ॲपचं तिसरंच माप आलंय. अल्बम मात्र एकच निघतो, आणि तो कोणाच्या मापाने शिवलाय यावर सगळं भांडण असतं.

एक मिनिट नुसता ठेका

आधी डीजेचं माप समजून घेऊ, कारण मूळ कापड तेच आहे.

हाउस या डान्स म्युझिकच्या प्रकारातलं गाणं साधारण मिनिटाला १२८ ठोके या गतीच्या आसपास चालतं. चार ठोक्यांचा एक बार. चार मात्रांचं आवर्तन म्हटलं तरी चालेल. १२८ भागिले ४ म्हणजे मिनिटाला बरोबर ३२ बार. आता डान्स म्युझिकचं एखादं पूर्ण लांबीचं गाणं ऐका. पहिली तीस सेकंदं ते एक मिनिट फक्त ढोल आणि झांज, चाल नाही, शब्द नाहीत. शेवटी पुन्हा तसंच. नवख्या श्रोत्याला वाटतं, हे नमनालाच घडाभर तेल कशाला?

ते तेल डीजेसाठी असतं. आधीच्या गाण्याचा शेवटचा नुसता ठेका आणि पुढच्या गाण्याचा सुरुवातीचा नुसता ठेका एकावर एक चढवायचा, हळूहळू एकाचा आवाज उतरवायचा, दुसऱ्याचा चढवायचा. दोन्हीकडे चाल नसल्यामुळे सूर भांडत नाहीत. नाचणाऱ्याला गाणं कधी बदललं ते कळतही नाही. म्हणजे सात मिनिटांच्या गाण्यातली दोन मिनिटं ही रेल्वेचे डबे जोडायच्या आकड्यांसारखी. एक्स्टेंडेड मिक्स म्हणजे आकड्यांसकट गाणं. रेडिओ एडिट म्हणजे आकडे कापून उरलेला डबा.

हे डोक्यात बसलं की यादीतल्या "३:०५" या आकड्यावर एवढा आरडाओरडा का होतो ते कळतं. चाहता म्हणतोय, हे गाणं जोडता येणार नाही, हे माझ्यासाठी नाही.

मोठी तबकडी कशी जन्मली

ही लांबलचक गाणी मुळात आली ती डिस्कोच्या काळात. तोवर सुटं गाणं सात इंची रेकॉर्डवर यायचं, आणि तिच्यावर तीन-चार मिनिटांच्या वर काही भरायचं तर आवाज मार खायचा. टॉम मोल्टन नावाचा न्यूयॉर्कचा मिक्सर सत्तरच्या दशकाच्या मध्याला एका गाण्याची चाचणी प्रत कापून घ्यायला गेला, तर सात इंची कोऱ्या तबकड्या संपलेल्या. मग गाणं मोठ्या तबकडीवर कापलं. एवढ्याशा गाण्याची बारीक पट्टी त्या मोठ्या चकतीवर विचित्र दिसत होती, म्हणून चर ऐसपैस पसरवले. वाजवून बघितलं तर आवाज दणदणीत.

यामागचं कारण साधं आहे. रेकॉर्डवर आवाज म्हणजे चरीची नागमोड. आवाज जितका मोठा आणि खर्ज जितका भारी, तितकी ती नागमोड रुंद. शेजारच्या चरीत घुसू द्यायची नसेल तर मध्ये जागा सोडावी लागते. म्हणजे रेकॉर्डवर दणका आणि मिनिटं ही दोन्ही एकाच जागेतून कापून घ्यायची. दणका वाढवला तर मिनिटं घटणार. नाचाच्या संगीताचा जीवच खर्जात असल्यामुळे त्याला जागा सगळ्यात जास्त लागते.

१९७६ मध्ये डबल एक्सपोजर या गटाचं 'टेन पर्सेंट' हे गाणं बारा इंची सिंगल, म्हणजे मोठ्या तबकडीवरचं सुटं गाणं, म्हणून दुकानात विक्रीला आलं. वॉल्टर गिबन्स या डीजेने ते ताणून नऊ मिनिटांच्या वर नेलं होतं. लोकांना विकत घेता आलेली बारा इंची सिंगल म्हणून हिचंच नाव पहिलं घेतात. तिथून पुढे हा प्रकार डान्स म्युझिकचा मूळ घटक झाला. १९८३ मधलं न्यू ऑर्डर या बँडचं 'ब्लू मंडे' तर सर्वांत जास्त खपलेली बारा इंची सिंगल म्हणूनच ओळखलं जातं.

तर या संगीताचं घर म्हणजे बारा इंची सिंगल, अल्बम नव्हे. अल्बम हा रॉकच्या घरचा पाहुणा. तो नंतर येऊन राहिला आणि त्याचं आणि घरच्यांचं अजून पुरतं जमलेलं नाही. मला तरी निम्म्या वादांचं मूळ इथेच दिसतं.

चार बाजूंचा अल्बम

पाहुण्याला घरात जागा कशी करायची याची एक झकास तोड डाफ्ट पंकच्या 'होमवर्क'मध्ये दिसते. १९९७ चा हा अल्बम. या फ्रेंच जोडीने अल्बम करायचा म्हणून गाणी केलेली नव्हती. सुटे ट्रॅक करत गेले आणि मग लक्षात आलं की अल्बमभर माल साठलाय. तेव्हा त्यांनी गाण्यांचा क्रम लावला तो दोन रेकॉर्डच्या चार बाजूंच्या हिशेबाने. प्रत्येक बाजू संपते, माणूस उठतो, तबकडी उलटतो, पुन्हा बसतो. त्या उठण्या-बसण्याला धरून क्रम लावलेला. सीडीवर किंवा फोनवर तोच अल्बम ऐकताना मध्येच कुठेतरी श्वास घेतल्यासारखं वाटतं, ते या बाजूबदलामुळे असावं असं मला वाटतं.

म्हणून "किती बाजू?" हा प्रश्न हौशी माणसाचा नखरा नव्हे. सत्तर-पंचाहत्तर मिनिटांचा अल्बम दोन रेकॉर्डवर बसवला तर बाजूला अठरा-एकोणीस मिनिटं येतात. चालतं, पण खर्ज थोडा आखडतो. तीन रेकॉर्डवर पसरवला तर आवाज खुलतो, खर्च वाढतो आणि दर बारा मिनिटांनी उठावं लागतं. तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. चाहते त्यातली कुठली सोडायची यावर भांडतात आणि ते भांडण मला पटतं.

सीडी आली आणि सलग मिक्सचं वेड लागलं

सीडी १९८२ पासून बाजारात. एका चकतीवर ७४ मिनिटं, बाजू उलटणं नाही. शिवाय सीडीवर ट्रॅक म्हणजे नुसती खूण असते. पुस्तकात पानाची कड दुमडतो ना, तेवढंच. संगीत त्या खुणेवरून न थांबता वाहू शकतं. म्हणजे पहिल्यांदाच डीजेचा तासाभराचा अखंड सेट जसाच्या तसा घरी नेता येऊ लागला, आणि वर हव्या त्या गाण्यावर उडीही मारता येऊ लागली.

नव्वदच्या दशकात याचा पूर आला. साशा आणि जॉन डिगवीड या डीजेंचं १९९४ चं तीन सीडींचं 'रेनेसाँस: द मिक्स कलेक्शन' हे त्यातलं मानाचं पान. मग असल्या मालिकाच सुरू झाल्या. आर्मिन व्हॅन ब्युरेनच्या 'अ स्टेट ऑफ ट्रान्स'च्या वार्षिक संचात दोन सीडी असत: एक समुद्रकिनाऱ्यासाठी, एक क्लबसाठी. चाहत्यांचा वर्षाचा वाद ठरलेला, कुठली सरस.

पुढे कलाकारांनी स्वतःच्या अल्बमलाही हाच साज चढवला. डेडमाउसच्या २००९ च्या 'फॉर लॅक ऑफ अ बेटर नेम'मध्ये गाणी एकातून दुसऱ्यात वाहतात. ऐकायला मजा येते. पण त्यातलं एखादं गाणं सुटं काढलं की सुरुवातीला आधीच्या गाण्याचं शेपूट आणि शेवटी पुढच्याचं डोकं. डीजेच्या दृष्टीने असं गाणं निकामी, घरच्या श्रोत्याच्या दृष्टीने हेच तर अल्बमपण. आणि सलग मिक्स रेकॉर्डवर घालायचा तर बाजू संपते तिथे तो तुटणारच. म्हणून सीडीवर मिक्स आणि तबकडीवर सुटे ट्रॅक अशी विभागणी करावी लागते. कुठला "खरा" अल्बम, यावर मग आणखी एक फेरी.

या काळात लांबीची चंगळही झाली. ब्रिटनच्या चार्टचा, म्हणजे खपाच्या क्रमवारीचा, तेव्हा नियम होता की सिंगल चाळीस मिनिटांपेक्षा लांब नको. १९९२ मध्ये द ऑर्ब या जोडीने 'ब्लू रूम' काढलं, चाळीस मिनिटांना जेमतेम काही सेकंद कमी. ते चक्क आठव्या क्रमांकावर गेलं, आणि टीव्हीवर गाणं सादर करायला बोलावलं तर हे दोघे बुद्धिबळ खेळत बसले. गोल्डीने १९९८ च्या अल्बममध्ये 'मदर' हा एकच ट्रॅक तासाभराचा ठेवला. तो मी एका बैठकीत दोनदाच ऐकू शकलोय, आणि दुसऱ्यांदा अर्ध्यात डुलकी लागली.

फॉरमॅटने अल्बमचा आशयच बदलल्याचं सगळ्यात गमतीचं उदाहरण एफेक्स ट्विन या कलाकाराचं. 'सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स'चा दुसरा खंड, १९९४. नाचायचं संगीत नव्हे, पण त्याच गावातलं. रेकॉर्डवर पंचवीस तुकडे, सीडीवर जागा पुरली नाही म्हणून एक गाळलेला. त्यात एक अपवाद सोडला तर तुकड्यांना नावंच नाहीत, नुसती छायाचित्रं. चाहत्यांनी चित्रात जे दिसलं त्यावरून स्वतःच बारसं केलं. आणि ज्याच्याकडे सीडी होती त्याला गाळलेला तुकडा ठाऊकच नाही. तोच अनेकांच्या मते सगळ्यात सुंदर.

पन्नास मिलिसेकंदांचा प्रश्न

मग गाणी फाइलमध्ये गेली आणि एक नवीच डोकेदुखी सुरू झाली: दोन ट्रॅकच्या मधली फट.

एमपीथ्री आवाजाचे समान तुकडे पाडते. एका तुकड्यात ११५२ नमुने (आवाजाची एकेक मोजणी), म्हणजे सीडीच्या दर्जाला साधारण २६ मिलिसेकंद. गाणं कधीच या तुकड्यांच्या नेमक्या पटीत संपत नाही. मग शेवटचा तुकडा भरायला शांतता कोंबली जाते, आणि सुरुवातीलाही एन्कोडर, म्हणजे फाइल बनवणारं सॉफ्टवेअर, आपली थोडी शांतता लावतं. एकट्या गाण्यात ते कळत नाही. पण सलग मिक्सचे तुकडे करून फाइली केल्या की प्रत्येक सांध्यावर अडखळ. १२८ च्या गतीला एक ठोका असतो ४६९ मिलिसेकंदांचा. त्यात पन्नास मिलिसेकंदांची फट पडली तर ठोक्याचा दहावा हिस्सा हुकला. नाचणाऱ्याचा पाय चुकायला एवढं पुरे.

उपाय निघाले. फाइलीत किती शांतता भरलीय याची नोंद ठेवायची आणि वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरने तेवढी कापायची. आयट्यून्समध्ये ही सोय २००६ मध्ये आली. फ्लॅकसारख्या फाइलीत नमुने जसेच्या तसे राहतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न मुळात उद्भवत नाही. पण आजही एखादं ॲप किंवा ब्लूटूथचा स्पीकर सांध्यावर ठेचकाळतो. अल्बम आल्यावर अर्ध्या तासात "गॅपलेस वाजतोय का?" (म्हणजे फट न पडता) असं कोणी विचारलं तर त्याला हसू नका. त्याने कधीतरी पन्नास मिलिसेकंदांचा धक्का खाल्लेला असतो.

तीस सेकंदांचं राज्य

आता तिसरं माप. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक वाजवणी मोजली जाते. गाणं तीन मिनिटांचं असो की तेरा, मोजणी एकच. ७० मिनिटांचा सलग मिक्स एका ट्रॅकमध्ये टाकला तर सत्तर मिनिटांची एक वाजवणी. तोच वीस तुकड्यांत कापला तर वीस. अमेरिकेत चार्ट काढणाऱ्या बिलबोर्डने २०१४ च्या अखेरीस अल्बमच्या चार्टमध्ये १५०० वाजवण्या म्हणजे एक अल्बम असा हिशेब लावला (२०१८ मध्ये आकडे बदलले, तत्त्व तेच), म्हणजे ट्रॅक जास्त तेवढं चार्टवर वजन जास्त. मग एक मिनिटाचं नमन कोण ठेवणार? तेवढ्यात श्रोता पुढे निघून जातो.

म्हणून आज एकच अल्बम दोन वेषांत फिरतो. स्ट्रीमिंगवर आखूड गाणी, आणि बीटपोर्टसारख्या डीजेंच्या ऑनलाइन दुकानात त्यांचीच एक्स्टेंडेड मिक्स, कधी त्याच दिवशी तर कधी काही आठवड्यांनी. चाहत्यांचा "एक्स्टेंडेड कधी?" हा धोशा इथला. मधल्या मध्ये डीजेच्या मिक्सचं वेगळंच त्रांगडं होतं: त्यात वीस जणांची गाणी, पैसे कोणाला द्यायचे? ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये शझाम या गाणी ओळखणाऱ्या ॲपच्या मदतीने मिक्समधली गाणी ओळखून मूळ मालकांना पैसे पोचवायची पद्धत सुरू केली, तेव्हा ती गाठ थोडी सैल झाली.

काही अल्बम तर सिंगल साठवून बांधलेली वहीच असतात. कॅल्विन हॅरिसच्या २०१२ च्या '१८ मंथ्स'मधली नऊ गाणी ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेली. एका अल्बममधून नऊ, हे त्याआधी कोणी केलेलं नव्हतं. धंदा म्हणून कमाल आहे. अल्बम म्हणून मला ती हिशेबवही वाटते, पण प्रत्येक पान नफ्याचं, हेही खरं.

याउलट काहींनी स्ट्रीमिंगच्या सवयीचाच खेळ केला. अंडरवर्ल्डने २०१८ पासून वर्षभर दर आठवड्याला काहीतरी नवं काढलं आणि शेवटी त्याचा संच बांधला. फ्रेड अगेनने 'यूएसबी' नावाचा संपतच नाही असा अल्बम मांडला, गाणी जमतील तशी त्यात पडत जातात. स्क्रिलेक्सने २०२३ मध्ये लागोपाठ दोन दिवशी दोन वेगळे अल्बम काढले, आणि १ एप्रिल २०२५ ला, इथे छापता येणार नाही अशा नावाचा, ३४ ट्रॅकचा अल्बम. एकूण लांबी फक्त ४६ मिनिटांच्या आसपास. भागाकार केला तर ट्रॅकला दीड मिनिटही येत नाही. मध्ये मध्ये डीजेसारख्या आरोळ्या, सगळं एका दमात वाहणारं. कागदावर ३४ ट्रॅक, कानाला एकच. स्ट्रीमिंगचं माप पाळून त्याने सलग मिक्स परत आणला, असं मी म्हणेन. ज्यांना त्यातलं एखादं गाणं सुटं हवं होतं ते चिडले, आणि त्यांची चीडही रास्त आहे.

वाट बघण्याचाही फॉरमॅट

हल्ली अल्बम येण्याआधीची वाट हाच अर्धा कार्यक्रम झालाय. बोर्ड्स ऑफ कॅनडा या जोडीने २०१३ मध्ये रेकॉर्ड स्टोअर डेला, म्हणजे रेकॉर्डच्या दुकानांच्या वार्षिक उत्सवाला, एक गूढ तबकडी दुकानात सोडली. तिच्यात सहा आकडी एक संकेत. असे सहा संकेत वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले. ते जुळवता जुळवता चाहत्यांची झोप उडाली, आणि कोडं सुटलं तेव्हा आठ वर्षांच्या खंडानंतर येणाऱ्या अल्बमची घोषणा हाती लागली. पुढच्या वर्षी लंडनच्या आकाशात एफेक्स ट्विनचं चिन्ह मिरवणारा हिरवा फुगा तरंगला. त्याचा 'सायरो' हा अल्बम येत होता, तेरा वर्षांनी. त्याच्या वेष्टणावर तर अल्बम तयार करून विकायला काय काय खर्च आला याची यादीच छापली होती. फॉरमॅटवर भांडणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर काय देणार? त्याच वर्षी स्क्रिलेक्सचा 'रिसेस' एका मोबाइल खेळाच्या आत दडवलेल्या फोल्डरमधून बाहेर आला होता.

आणि बरियलचे चाहते. त्यांची वाट वेगळीच. २००७ च्या 'अनट्रू'नंतर तिसरा अल्बम येईल म्हणून ते थांबलेत, आणि हा माणूस फक्त ईपी (सिंगलपेक्षा मोठं, अल्बमपेक्षा लहान) आणि सिंगल काढतो. जानेवारी २०२२ मध्ये 'अँटीडॉन' आलं. पाच ट्रॅक, चव्वेचाळीस मिनिटांच्या घरात. कितीतरी नामांकित अल्बम याहून आखूड आहेत. तरी त्यावर लेबल ईपीचं. मग हा तिसरा अल्बम धरायचा की नाही? मी धरतो. माझ्या ओळखीतला एकजण धरत नाही, आणि आमचं यावर अजून मिटलेलं नाही.

तो एफेक्स ट्विनचा गाळलेला तुकडा राहिला. २०२४ मध्ये त्या खंडाची वाढीव आवृत्ती निघाली, सीडीवाल्यांसाठी तीन चकत्या आणि रेकॉर्डवाल्यांसाठी चार तबकड्या. तीस वर्षांनी का होईना, तो तुकडा त्या खंडाच्या सीडीवर आला. अधिकृत यादीत त्याच्यापुढे नुसता क्रमांक आहे, १९. चाहते अजून त्याला 'स्टोन इन फोकस'च म्हणतात.